मान सोडा

नरसिंग गजभारे रेल्वेत चावीवाला होता. हिमायतनगरहून किनवटकडं जाणाऱ्या रुळांवरून तो रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून निघायचा आणि रुळाला धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी जागेवर आहे का ते बघत चालायचा. सैल झालेली ठोकून बसवायची, निसटलेली परत घालायची. हे काम मान खाली घालूनच करावं लागतं. म्हणूनच की काय, रुळावरून उतरला की नरसिंगची मान जी वर जायची ती झोपेपर्यंत खाली यायची नाही. बाजारात, लग्नात, साहेबासमोर, दवाखान्याच्या रांगेत तो असा उभा राहायचा की अनोळखी माणसं त्याला फौजेतून आलेला समजायची.

धम्मप्रिया ही त्याची थोरली मुलगी; ती त्याला आबा म्हणायची. तिला चालायला शिकवताना त्यानं तिचं बोट धरलं नव्हतं, असं तिची माय सरजाबाई सांगते. तो तिच्या हनुवटीखाली दोन बोटं लावून उलटा चालायचा आणि पोर त्याच्या तोंडाकडं बघत पाऊल टाकायची. पुढं घरात जेवायला बसताना पाठ भिंतीला, अभ्यास करताना पाठ भिंतीला. पोरगी जरा पुस्तकावर वाकली की बापाची बोटं हनुवटीखाली यायची. तो रागवायचा नाही. नुसता म्हणायचा, "पिरे, वर."

ह्यामागं एक गोष्ट होती आणि ती घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की सांगायची गरजच उरली नव्हती. नरसिंगचा बाप गावकीची कामं करायचा. पाटलाच्या दारात उभा राहिला की त्याची मान छातीला टेकायची. नरसिंग म्हणायचा, मला माझ्या बापाचं तोंड गावात कधी दिसलंच न्हाई, घरी आल्यावर दिसायचं. गावचा न्हावी त्यांची हजामत करायचा नाही, म्हणून बाप लेकाचे केस कापायचा आणि स्वतःची दाढी काचेच्या तुकड्यात बघून स्वतःच खरडायचा. मग छप्पन साल आलं. दीक्षा घेऊन परत आलेल्या बापानं गावकी सोडली आणि पोराला समोर उभं करून सांगितलं, "काय बी सोड नरसिंगा, पर मान सोडू नको."

तेव्हा नरसिंग नऊ-दहा वर्षांचा होता. त्यानं ते वाक्य डोक्यात ठेवलं नाही, मानेतच ठेवलं.

धम्मप्रियानं ती मान बापाकडून जशीच्या तशी उचलली. शाळेत कवायतीत ती पहिली, कॉलेजात परेडमध्ये पहिली. एक स्थळ आलं होतं, जवळपास जमलंही होतं. पण मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की पोरगी चांगली हाय, पर मान लई ताठ. नरसिंगनं तो निरोप मिठाई वाटावी तसा भावकीत सांगितला. धम्मप्रियाही हसली. पुन्हा तसं स्थळ आलं नाही, हे तिच्या लक्षात यायला बरीच वर्षं जावी लागली.

किनवट तालुक्यातल्या एका निवासी शाळेत ती पी.टी.ची शिक्षिका झाली. जंगलातल्या वस्त्यांवरून आलेली मुलं प्रार्थनेला रांगेत उभी राहायची, अर्धी झोपेत, खांदे पडलेले. ती रांगेतून फिरायची आणि एकेकाच्या हनुवटीखाली दोन बोटं लावायची. "वर. अजून वर." ती बोटं बापाची होती हे तिला माहीत होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता. मुलांचे चेहरे मात्र त्या बोटांखाली दगडासारखे व्हायचे. ते तिला शिस्त वाटायचं.

चाळिशीच्या आसपास तिची मान धरली. आधी कधीमधी, मग कायमची. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, शिट्टी हातातून गळायला लागली. नांदेडच्या डॉक्टरनं फोटो काढले आणि मानेला पट्टा दिला. निवृत्त होऊन नरसिंग आता नांदेडलाच राहायला आला होता; ती पट्टा घालून घरी आली तेव्हा तो ओट्यावर बसला होता. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि आत तोंड करून बायकोला म्हणाला, "सरजे, तुझ्या लेकीच्या गळ्यात पट्टा बांधला गं कुनीतरी."

"आवो, डाक्टरनं दिला त्यो," सरजाबाई म्हणाली.

"कुत्र्याला बी डाक्टरच देतो काय?"

धम्मप्रियानं पट्टा काढून पिशवीत ठेवला. नंतर तो फक्त किनवटला घालायची.

लातूरच्या जगदेवी बिराजदार यांचं नाव तिला एका सहकारी शिक्षिकेनं सांगितलं. जगदेवीताई पुण्यात एका परदेशी बाईकडून काही वेगळंच शिकून आल्या होत्या. व्यायाम नव्हे, योगासनंही नव्हेत. बसायचं कसं, उठायचं कसं, पाऊल उचलण्याआधी आपण अंगात कुठं कुठं उगाच जोर लावतो ते ओळखायचं कसं, एवढंच. बाहेर पाटी होती, 'देहभान'. रविवारी सकाळी नांदेडहून एसटी धरून धम्मप्रिया तिथं पोचली आणि तिला वाटलं, फसले. जगदेवीताईंनी तिला एका साध्या लाकडी खुर्चीवर बसवलं. मग उठवलं. मग बसवलं. मग म्हणाल्या, "उठायचंय असं मनात आणा, पण उठू नका."

धम्मप्रिया तशीच बसली.

"आता बघा, तुमची मान आधीच उठली."

खरंच उठली होती. मागच्या बाजूला दोन दोऱ्या करकचून ओढल्यासारखी. ताईंनी तिच्या डोक्याच्या मागं, कवटी जिथं मानेवर टेकते तिथं, तळहात ठेवला. त्या हातात जोर नव्हता. तो काही ढकलत नव्हता, दाबत नव्हता. आणि नेमकं त्यामुळंच धम्मप्रियाचं सगळं अंग सावध झालं. ती लिंगायताच्या घरात बसली होती. तिच्या आत्यानं अशाच घरांच्या अंगणात ओंजळीनं पाणी प्यायलं होतं, वरून ओतलेलं. आता त्याच लोकांतल्या एका बाईचा हात आपल्या मानेवर आहे, हे तिच्या मनाला पटायच्या आत तिच्या मानेनं ठरवून टाकलं होतं, की हलायचं नाही.

जगदेवीताईंचं माहेर निलंग्याच्या पलीकडचं. घरात कानडी. हात कामात गुंतला की त्यांची मराठी सुटून तोंडात कानडी यायची. "बिडरी," त्या हळू म्हणाल्या. "बिडरी, बिडरी."

"काय?"

"काही नाही. उगं आपलं." आणि परत, "बिडरी."

शब्दाचा अर्थ तिला दोन-तीन रविवारांनी कळला. सोडा. पण तोवर तो शब्द अर्थाशिवायच अंगात उतरला होता. एके दिवशी त्या हाताखाली काहीतरी निसटलं आणि डोकं आपोआप वर तरंगल्यासारखं झालं. ताठ नव्हे, वर. दोन्हींत एवढा फरक असतो हे तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

"इतके दिवस तुमच्या मानेत कोण बसलं होतं?" ताईंनी हसत विचारलं.

"आमचे आबा," तीही हसत म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

काही वर्षं ती लातूरला जात राहिली. बोटांच्या मुंग्या गेल्या. ताईंनी तिला स्वतःच्या हातावर हात ठेवून शिकवायला शिकवलं. त्यांचा एकच नियम होता: हातानं मागायचं नाही. समोरच्याची मान सुटावी अशी इच्छा हातात आली की समोरच्याला ती कळते, आणि मान आणखी धरते. धम्मप्रियाला सगळं जमलं, हे जमायला वेळ लागला. किनवटच्या शाळेत तिनं कवायतीच्या तासाला मुलांना सतरंजीवर उताणं निजवायला सुरुवात केली, गुडघे वर, डोक्याखाली जाडसर आधार. लातूरला डोक्याखाली पुस्तकं ठेवायचे. गजभाऱ्यांच्या घरात पुस्तक कधी जमिनीवरही ठेवलं जात नव्हतं. ते तिला जमेना. तिनं रद्दीचे गठ्ठे शिवून घेतले. मुख्याध्यापक दारात येऊन बघून गेले आणि म्हणाले, "मॅडम, पोरं घरी बी झोपतातच की. सरकारला काय सांगू, पी.टी.च्या तासाला निजानीज हाय म्हून?" पण मुलं त्या तासाची वाट बघायची. हनुवटीखाली बोटं लावणं तिनं बंद केलं होतं.

मग नांदेडच्या त्यांच्या वस्तीतल्या विहारात वर्ग घ्यायचं ठरलं. महिला मंडळाच्या सुमनबाईंनीच पुढाकार घेतला. रविवारी वंदना झाल्यावर हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. बायका, निवृत्त माणसं, काही पोरी. पहिल्या रांगेत मधोमध नरसिंग, पांढराशुभ्र सदरा, गुळगुळीत दाढी. लेक काय शिकून आली ते बघायला तो आला होता. शेजारच्याला त्यानं सांगितलंही होतं, "लातूरहून खास शिकून आली. आता मास्तरांचीबी मास्तर हाय."

धम्मप्रियानं सगळ्याची तयारी केली होती. खुर्च्या किती अंतरावर, आधी काय, नंतर काय. एका शब्दाची तेवढी केली नव्हती. लातूरला तो तिनं कानडीत शिकला होता, आणि शाळेत मुलांना हातानंच कळायचं. मराठीत तो शब्द तिच्या तोंडून आजवर कधी निघालाच नव्हता. खुर्चीतून उठायच्या आधी लोकांच्या माना ताठरताना तिला दिसल्या आणि ती मोठ्या, मोकळ्या आवाजात म्हणाली, "उठायच्या आधी मान सोडा. सगळ्यांनी मान सोडा."

सुमनबाई पटकन म्हणाली, "कोनता वो मॅडम? सासरी त्यो कधी मिळालाच न्हाई, सोडू काय?"

हॉल हसला. धम्मप्रियाही हसली. आणि त्या हसण्यातच तिला ऐकू आलं, आपण काय बोललो ते. तिनं पहिल्या रांगेकडं पाहिलं.

नरसिंग उठला होता. शिकवल्याप्रमाणं नव्हे, त्याच्या पद्धतीनं, एका झटक्यात. बाबासाहेबांच्या फोटोकडं त्यानं एकदा पाहिलं. मग लेकीकडं पाहिलं. "ह्या हॉलात," तो म्हणाला, "ह्या लोकायला, माझी पोरगी सांगून राहिली. मान सोडा."

"आबा, ती मान. तो न्हाई. ही ही," तिनं स्वतःच्या मानेला हात लावला.

"मला दोन न्हाईत," नरसिंग म्हणाला आणि भिंत धरून चपला घालायला गेला.

त्या दिवसापासून तो लेकीशी सरजाबाईच्या मार्फत बोलायला लागला. तिला सांग, पानी भरून ठेव म्हनावं. तिला इचार, कव्हा जानार किनवटला. वर्ग बंद पडला नाही. सुमनबाईनं तो पडू दिला नाही. पण धम्मप्रियाला तिथं मराठी शब्द सापडेना. मोकळी करा म्हटलं तर बायका मान गोल गोल फिरवायच्या. सैल करा म्हटलं तर डोकं छातीवर टाकायच्या. शेवटी ती 'बिडरी'च म्हणायला लागली, आणि वस्तीत त्याला बिडरीचा वर्ग हेच नाव पडलं. "चला गं, बिडरीला," असं बायका एकमेकींना हाका मारायच्या. नरसिंग ओट्यावर बसून ते ऐकायचा.

त्याच सुमाराला त्याची मान बिघडायला लागली. किंवा बिघडलेली होतीच, आता लपेना. आधी डावीकडं वळेना, मग उजवीकडं. कुणी हाक मारली की तो सगळाच्या सगळा वळायचा, दरवाजा वळावा तसा. चालताना पाय ओढायला लागला. पाण्याचा घोट वर चढायचा, ठसका लागायचा. डॉक्टर म्हणाले, मणके घासून मधली नस दाबली गेली आहे, ह्या वयात ऑपरेशन नको. पट्टा लावा, आणि कुठं धडपडू देऊ नका. एखादा झटका बसला तर हातपाय जातील.

पट्टा नरसिंगनं हातातही घेतला नाही. आणि लेकीचा हात मानेला लागू दिला नाही.

हा तिचा छळ होता. बायका तिच्या हाताखाली बऱ्या होत होत्या. शेजारची म्हातारी, जिला सुई ओवता येत नव्हती, ती आता शिवत होती. आणि तिच्या स्वतःच्या घरात, हाताच्या अंतरावर, ती मान रोज थोडी थोडी दगड होत होती. आपण हात ठेवला तर उपयोग होईल का, हेही तिला खात्रीनं माहीत नव्हतं. घासलेले मणके हातानं भरत नाहीत. पण निदान तो जो जोर लावत होता, रात्रंदिवस, कुणीच समोर नसताना, तो तरी कमी झाला असता. घोट नीट उतरला असता.

"तू त्यांना समजावून सांग की माय."

"मी काय सांगू? त्यायला वाटतं तू त्यायचं समदं आयुष्य खोटं म्हनून राहिलीस."

"मी तसं म्हटलं का?"

सरजाबाई तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "न्हाई म्हटलं?"

धम्मप्रिया तिच्याजवळ बसून खडे वेचायला लागली. लातूरच्या खुर्चीत ती जे रडली होती, त्यात थोडा राग होता. मोडलेल्या स्थळाचा, मुंग्या आलेल्या बोटांचा, रांगेतल्या त्या दगडी चेहऱ्यांचा. बापाच्या मानेला हात लावायची तिला जी घाई होती, तिच्यात निव्वळ माया नव्हती. एकदा तरी ती मान आपल्या हातात सुटावी आणि आपलं खरं ठरावं, हेही होतं. ताईंचा नियम ती ह्याच एका माणसापाशी मोडत होती, हात न लावताच.

पौर्णिमेच्या सकाळी ती नांदेडला होती. नरसिंग विहारात जायची तयारी करत होता. खिडकीच्या गजाला आरसा टांगलेला, वाटीत साबणाचा फेस. आयुष्यात तो कधी न्हाव्याकडं गेला नव्हता. गावाकडं न्हावी करत नव्हता म्हणून, आणि पुढं नांदेडला चौकाचौकात दुकानं झाली, सगळ्यांना सारखीच खुर्ची मिळायला लागली, तरी नाही. दुसऱ्याच्या हातातल्या पात्याखाली गळा द्यायचा, ही गोष्ट त्याच्या हिशोबात बसत नव्हती.

सरजाबाईची हाक आली म्हणून धम्मप्रिया आतून धावत आली. सदऱ्याच्या कॉलरवर रक्त होतं. हनुवटी वर होईना, म्हणून त्यानं पातं आंधळ्यासारखं खालून ओढलं होतं. जखम मोठी नव्हती. त्यानं टॉवेल दाबून धरला होता आणि आरशात बघत होता. आरशात त्याला फक्त स्वतःचं कपाळ दिसत असावं. आरसा खाली घ्यायचं त्याला सुचलं नव्हतं.

"राहू द्या मग दाढी," सरजाबाई म्हणाली. "न्हाई तर आज जाऊच नगा."

"दाढी वाढवून बुद्धापुढं जाऊ?"

"मला जमत न्हाई बाबा, माझा हात कापतो."

धम्मप्रियानं वाटी उचलली, ब्रश फेसात फिरवला, आणि बापाच्या समोर उभी राहिली. त्यानं नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. डोळे समोरच्या भिंतीकडं लावून तो खुर्चीवर बसला, पाठ भिंतीला, जसं तिला लहानपणी बसवायचा तसं.

तिनं गालांना फेस लावला. उजव्या हातात रेझर घेतला आणि डोकं स्थिर राहावं म्हणून डावा हात मागं ठेवला, कवटी मानेवर टेकते तिथं. इतकी वर्षं ज्या जागेसाठी ती झुरली होती ती जागा तिच्या तळहातात होती, आणि तिच्या ते लक्षातही नव्हतं. तिचं सगळं ध्यान पात्याकडं होतं. जखमेला लागू नये, सुरकुतीत अडकू नये, झटका बसू नये. एक गाल झाला. कानाखालची जागा झाली. ती गळ्याकडं वळली. कातडी ताणायला जागा नव्हती, म्हणून ती थांबली. पातं हवेत धरून नुसती थांबली.

आणि तिच्या डाव्या हातात वजन आलं.

आधी थोडं, मग सगळं. माणसाचं डोकं किती जड असतं हे तिला धंद्यानं माहीत होतं, पण हे त्याहून जड होतं. नरसिंगचे डोळे मिटले होते. ओठ उघडे पडले होते. ताठ धरलेला जबडा खाली ओघळला आणि सगळा चेहराच त्याच्याबरोबर ओघळला. हा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. म्हातारा, थकलेला, कुणाच्या तरी दारात उभा असलेला. हा आजोबांचा चेहरा असणार, तिला वाटलं. गावात कुणाला न दिसणारा.

तिला भीती वाटली. जे तिनं इतके दिवस मागितलं होतं ते तिच्या तळहातात पडलं होतं आणि ते तिला बघवेना. तिच्या तोंडून शब्द निघाला तो लातूरचा नव्हता.

"आबा, मान वर घ्या."

नरसिंगनं डोळे उघडले. पण मान वर घेतली नाही. कित्येक महिन्यांनी तो थेट तिच्याशी बोलला, आणि आवाज घोगरा होता, पण अडखळत नव्हता.

"आता कामून? सोड सोड म्हनत होतीस न्हवं?"

"दाढी करायची हाय, आबा."

"मग कर की." त्यानं पुन्हा डोळे मिटले. "धरलीस न्हवं तू?"

"हाव," ती म्हणाली.

दारात सरजाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. विहारातून वंदनेचा आवाज यायला लागला होता; ते उशिरा पोचणार होते, किंवा पोचणारच नव्हते. धम्मप्रियाचा डावा हात भरून आला, खांद्यापासून दुखायला लागला. तिनं तो हलवला नाही. दुसऱ्या गालावरचा फेस वाळत चालला होता. ती पातं टेकवायला धजत नव्हती, आणि बापाचं डोकं तिच्या हातावर तसंच होतं, परत न घेतलेलं.